चारुदत्त लेले यांचा शीतोष्ण महिना

“या घरातली औषधाची शेवटची गोळी मी माझ्या हाताने फेकणार आहे!” चारुदत्त लेलेने एका रविवारी सकाळी जाहीर केलं.

सिंगापूरच्या क्वीन्सटाउन भागातल्या त्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तेव्हा श्रोते दोनच होते. एक त्याची बायको मेधा, लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलेली. दुसरा मुलगा निहार. तो नॅशनल सर्व्हिसच्या, म्हणजे सक्तीच्या लष्करी सेवेच्या, कॅम्पमधून शुक्रवारी घरी आल्यापासून झोपला होता आणि आत्ता फक्त फ्रीज उघडण्यापुरता उठला होता.

“माझी थायरॉइडची तेवढी ठेव,” मेधा मान वर न करता म्हणाली.

“बरं, ती ठेवू. बाकी सगळ्या बंद! आजार ताटात असतो आणि उपचारही ताटातच असतो!”

“पा, फ्रीजमध्ये उपचारच उपचार आहेत, खायला काहीच नाही ला,” असं शेवटी सिंगापुरी ‘ला’ लावून म्हणत निहार पुन्हा झोपायला गेला.

तर मंडळी, झालं होतं असं. चारुदत्तचं सारखं तोंड येत होतं. डाव्या गालाच्या आत एक फोड बसला की पंधरा दिवस मुक्काम ठोकून राहायचा, आणि तो जातोय न जातोय तोवर त्याचा भाऊ यायचा. बँकेत चारुदत्त कम्प्लायन्समध्ये होता. म्हणजे इतर लोक नियम पाळतात की नाही हे बघण्याचा त्याला पगार मिळायचा. तोंड दुखत असल्यामुळे तो हल्ली लोकांना कमी रागावायचा, आणि बँकेत यामुळे आनंदाचं वातावरण होतं. शेजारच्या टेबलावरच्या एकट्या मिसेस ओंगना त्याची दया आली. त्यांनी त्याला खिडकीपाशी नेलं, जीभ बाहेर काढायला लावली आणि निदान केलं, “यू व्हेरी हीटी!”

म्हणजे काय, तर अंगात उष्णता! तळलेलं, तिखट, आंबा, दुरियनचं फळ हे सगळं उष्ण. काकडी, कारलं, कोहळा, बार्लीचं पाणी, शेवंतीच्या फुलांचा चहा हे सगळं थंड. दोन्हींचा तोल साधला की माणूस ठणठणीत. चिनी लोक हे हजारो वर्षं सांगत आलेत, असं मिसेस ओंग म्हणाल्या.

चारुदत्त थक्क झाला! आता खरं सांगायचं तर त्याच्या पुण्याच्या सासूबाई, संजीवनीबाई, हेच त्याला लग्न झाल्यापासून सांगत होत्या. “उष्णता झालीय तुम्हाला. सब्जा घ्या, गुलकंद खा.” त्यावर तो “हो आई” म्हणायचा आणि शेवेचा डबा जवळ ओढायचा. पण सासूबाईंनी सांगितली तर ती समजूत आणि मिसेस ओंगनी सांगितलं तर ते शास्त्र! माणसाचं हे असंच असतं.

घरात थंडाई सुरू झाली. सकाळी बार्ली, दुपारी कोहळा, संध्याकाळी कारलं, येताजाता शेवंतीचा चहा. फोडणी बंद, मसाले बंद. मेधा सहकाऱ्यांबरोबर हॉकर सेंटरमध्ये जेवून यायला लागली आणि घरी “भूक नाही रे” म्हणायला लागली. दोन आठवड्यांत चारुदत्त असा थंड झाला की भर दुपारी, बाहेर सिंगापूरचं ऊन भट्टीसारखं तापलेलं असताना, तो मफलर गुंडाळून सोफ्यावर बसायचा. आणि पोट! पोटाबद्दल इथे न बोललेलं बरं. एवढंच सांगतो की त्या आठवड्यात तो बँकेच्या मीटिंगमध्ये दाराजवळची खुर्ची धरून बसायचा.

आणि फोड? जिथल्या तिथे!

“ओव्हरकूलिंग झालंय,” चारुदत्त म्हणाला. “आता शरीराला ऊब हवी. हे घरच्या घरी करायचं काम नाही. जाणकाराकडे जायला हवं.”

जाणकार म्हणजे खालच्या बाजारातलं चिनी औषधांचं दुकान. तिथे भिंतभर काचेच्या बरण्या होत्या, आणि त्यांत मुळ्या, साली, वाळलेली फळं आणि चारुदत्तने मुद्दाम नीट न पाहिलेल्या काही वस्तू होत्या. दुकानदार म्हातारा होता. त्याला इंग्लिश बेताचं येत होतं आणि कानाने त्याहून बेताचं ऐकू येत होतं.

“वॉर्मिंग!” चारुदत्त ओरडला. “बॉडी टू कोल्ड! वीक! सूप!”

“वाइफ?” म्हाताऱ्याने विचारलं.

“वाइफ, मी, होल हाउस!”

“हाउ मेनी वीक?”

थंड उपचार सुरू होऊन किती आठवडे झाले, हे विचारतोय असं चारुदत्तला वाटलं. “टू वीक्स!” तो म्हणाला.

म्हाताऱ्याचा चेहरा फुलला. “वाऽऽ! टू वीक ओन्ली! काँग्रॅच्युलेशन्स!”

आरोग्याच्या मार्गाला लागून दोनच आठवडे झालेल्या माणसाचं अभिनंदन करणारा दुकानदार! चारुदत्त भारावला. म्हाताऱ्याने भराभर बरण्या उघडल्या. चिनी लाल बोरं, वाळवलेलं लिचीसारखं लाँगन, एक काळपट उग्र मुळी, आल्याचा ढीग, काळं व्हिनेगर. “नो विंड! नो कोल्ड वॉटर! एव्हरी डे ईट!” त्याने बजावलं.

आता, सिंगापुरात कुठल्याही चिनी बाईला विचारा. आलं, काळं व्हिनेगर, लाल बोरं आणि ती मुळी हे सगळं एका घरात एकाच वेळी शिजायला लागलं, तर त्या घरात काय असतं? बाळंतीण असते! आपल्याकडे नाही का, जिन्यात डिंक तळल्याचा आणि अळिवाचा वास आला की शेजारीण विचारते, “काय झालं, मुलगा की मुलगी?” अगदी तसंच.

पण हे चारुदत्तला कोण सांगणार? त्याने पातेलं चढवलं. त्या सुपात मांस घालतात. ते घरी चालत नाही म्हणून त्याने उकडलेली अंडी सोडली. वास सुटला तो असा की स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात, दिवाणखान्यातून कॉरिडॉरमध्ये, आणि कॉरिडॉरमधून थेट शेजारच्या लिम आंटींच्या नाकात!

लिम आंटी सत्तरीच्या, चार नातवंडांच्या आजी. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. एकदा श्वास ओढला, परत ओढला. मग त्या लेल्यांच्या बंद दाराकडे बघत राहिल्या, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की जणू चिनी नववर्ष आलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. चारुदत्त कचरा टाकायला निघाला, तेव्हा आंटींनी त्याला गाठलं.

“मिस्टर चारू,” त्या कुजबुजल्या, “सूप करताय ना?”

“आता रोज!” चारुदत्त अभिमानाने म्हणाला. “स्वतः करतो. बायकोला एक वाटी सकाळी, एक संध्याकाळी.”

“किती चांगले हो तुम्ही! माझ्या नवऱ्याने कधी पाणी उकळलं नाही. आणि छोटा कसा आहे?”

आमचा एकुलता एकच, छोटा म्हणा की मोठा म्हणा, असा विचार चारुदत्तने केला. “मजेत! कालच घरी आला.”

“झोपतो नीट?”

“दिवसभर झोपतो हो, आणि रात्री टक्क जागा! भूक लागली की ओरडतो. पोटात पडलं की परत झोपला!”

“सगळे असेच असतात,” आंटींच्या डोळ्यांत पाणी आलं. “केस आहेत भरपूर?”

“कुठले केस? डोकं अगदी गुळगुळीत!” आर्मीत भरती झालेल्या पोरांचं पहिल्याच दिवशी मुंडण करतात, हे अख्ख्या सिंगापूरला माहीत आहे. पण लिम आंटींच्या डोक्यात आर्मी नव्हती, पाळणा होता. “पण येतील हो,” चारुदत्तच त्यांची समजूत घालत म्हणाला.

त्या दिवसापासून नववा मजला बदलला. शेजारच्या मुलांचे फुटबॉल कॉरिडॉरमधून गायब झाले. लोक लेल्यांच्या दारावरून चवड्यांवर चालायला लागले. ‘माझ्या साधनेला मान देतात,’ चारुदत्त मनात म्हणाला.

पण खरी मजा झाली मेधाची. सोमवारी ती ऑफिसला निघाली आणि लिफ्टमध्ये लिम आंटी भेटल्या. आंटींनी तिच्याकडे भूत पाहावं तसं पाहिलं. “ऑफिस? इतक्यात? वारा लागेल!” असं म्हणत त्यांनी मेधाची लॅपटॉपची बॅग हिसकावून घेतली आणि टॅक्सीपर्यंत स्वतः वाहून नेली. मग तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, “पण वाऽ! किती बारीक झालीस! इतक्या लवकर! लोकांना वर्ष लागतं. आणि चेहऱ्यावर काय तेज आलंय!”

मेधाला पंचेचाळिसावं चालू होतं. तिला कुणी ‘बारीक’ म्हणण्याची ही बहुधा निहारच्या मुंजीनंतरची पहिलीच वेळ. ती दिवसभर ऑफिसात तरंगत होती. घरी आल्यावर पर्स ठेवायच्या आधी तिने विचारलं, “चारू, ते सूप उरलंय का रे?”

“तुला आवडत नाही ना?”

“सवय होईल,” मेधा म्हणाली आणि आरशासमोर एका अंगाने उभी राहिली.

इथवर सगळं कॉरिडॉरपुरतं होतं. पण त्याच आठवड्यात शहराच्या दुसऱ्या टोकाच्या पुंगोलहून साधना आली. साधना मेधाची कॉलेजपासूनची मैत्रीण. मेधाने मागितलेली इडलीची भांडी द्यायला ती आली होती, तर घरी कुणीच नाही. आत आया बाळाला निजवत असेल अशा समजुतीने लिम आंटींनी भांडी ठेवून घेतली आणि वर आनंदाची बातमीही दिली.

साधना खाली येईपर्यंत रडवेली झाली होती. एवढी जिवाची मैत्रीण आणि सांगितलं नाही! बरोबरच आहे म्हणा. या वयात, एवढा मोठा मुलगा असताना, लाजली असेल. म्हणूनच हल्ली व्हिडिओ कॉलवर कॅमेरा बंद ठेवत होती! आपणहून सांगेल तेव्हा सांगेल, आपण विचारायचं नाही, असं साधनाने ठरवलं. कुणाशी म्हणजे कुणाशीही बोलायचं नाही. फक्त पुण्यात स्वतःच्या आईला तेवढं सांगितलं. साधनाची आई आणि संजीवनीबाई एकाच सोसायटीत राहत होत्या. फक्त मधे दोन जिने होते, आणि तेवढ्या अंतरात बाळाची जुळी झाली.

संजीवनीबाईंचा फोन चारुदत्तच्या मोबाइलवर आला तेव्हा तो सूप ढवळत होता.

“चारुदत्त,” त्यांचा आवाज दबका होता, कारण अशी बातमी फोनवर मोठ्याने बोलली की दृष्ट लागते, “मेधा कशी आहे? खरं सांगा.”

“छान आहे आई! तेज बघा एकदा तिचं!”

“खायला काय देता?”

“सगळं गरम! आलं, सूप, अंडी. थंडाचं नाव नाही!”

“कोण करतं?”

“मी!”

मग संजीवनीबाईंनी नाक ओढलं. “मी तुम्हाला ओळखलं नाही हो इतकी वर्षं,” त्या म्हणाल्या. “कढत पाण्याने आंघोळ घालता ना? आणि कानाला रुमाल?”

“आई, अगदी माझ्या मनातलं बोललात! दुकानदारही हेच म्हणाला, वारा नको!” सासूबाईंना आपलं शास्त्र पटलं या आनंदात चारुदत्तचा डाव हातातच राहिला.

“मी येते,” त्या म्हणाल्या.

“या की!”

संध्याकाळी त्याने मेधाला सांगितलं, “आई येते म्हणाल्या.”

“ती गेली सहा वर्षं येतेच आहे,” मेधा म्हणाली. तिच्या आवाजातली थट्टा जरा कोरडी झाली होती. बाबा गेल्यापासून संजीवनीबाई पुणे सोडायला तयार नव्हत्या. मेधा दरवर्षी तिकिटाचं विचारायची, आणि दरवर्षी काहीतरी निघायचं. कधी गुडघा, कधी कुंड्यांना पाणी कोण घालणार. मेधाने विचारणं सोडलं होतं.

आणि मग, लिम आंटींच्या हिशेबाने महिना भरला तो रविवार उजाडला.

चिनी लोकांत बाळाला महिना भरला की लाल रंगवलेली अंडी वाटतात. ती वाटायची आईबापांनी. पण या बिचाऱ्या भारतीयांना कुठे माहीत असणार, असा विचार करून लिम आंटींनी स्वतःच पहाटे उठून टोपलीभर अंडी रंगवली. मजल्यावरच्या आणखी दोघीजणी बरोबर घेतल्या. एकीच्या हातात डायपरचं खोकं, दुसरीच्या हातात लांब कानांचा खेळण्यातला ससा. अकराच्या सुमारास बेल वाजली.

चारुदत्तने दार उघडलं. समोर तीन हसऱ्या चिनी बायका, आणि त्यांच्या मागे, लिफ्टमधून नुकतीच बाहेर आलेली, कानाला रुमाल बांधलेली, दोन बॅगा आणि एक कापडी बोचकं घेतलेली त्याची सासू!

“आई?” चारुदत्तचा आवाज चिरकला.

“बाजूला व्हा,” संजीवनीबाई म्हणाल्या आणि चपला काढून आत शिरल्या. मागोमाग तिघी आत आल्या. “दमला असाल तुम्ही. आता माझ्यावर सोडा.” म्हणत सासूबाईंनी बोचकं सोफ्यावर सोडलं. त्यातून मऊ जुन्या लुगड्यांची दुपटी निघाली, झबली निघाली, टोपरी निघाली. सगळं दोन-दोन! मग डबे. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, अंगाला लावायचं तेल.

ते तेल पाहून लिम आंटींनी संमतीने मान हलवली. भाषा कळत नसली तरी अनुभव अनुभवाला ओळखतो.

आवाज ऐकून मेधा आतून बाहेर आली. “आई! तू? कशी काय?” ती धावली, आईला बिलगली, आणि मग तिची नजर झबल्यांवर गेली. “हे कुणासाठी?”

“कुणासाठी म्हणजे? उभी काय राहिलीस अशी! पाय गार पडतील. बाळं कुठायत?”

“व्हेअर बेबी?” लिम आंटींनीही त्याच क्षणी विचारलं.

स्वयंपाकघरात सूप रटरटत होतं. तेवढ्यात आतलं दार उघडलं. हाफपँट घातलेला, सहा फुटी, सत्तर किलोचा, गुळगुळीत डोक्याचा निहार पोट खाजवत बाहेर आला. “मा, भूक लागलीये ला! कुणी काही देणार का?” असं ओरडला.

लिम आंटींनी त्याच्याकडे पाहिलं. डोक्याकडे पाहिलं. मग सावकाश चारुदत्तकडे वळल्या. “शुक्रवारी घरी आला?”

“दर शुक्रवारी येतो,” चारुदत्त क्षीण आवाजात म्हणाला.

“आणि दुसरं?” संजीवनीबाईंनी विचारलं. त्या अजून जुळ्यांवरच होत्या.

मग सगळं उलगडायला वेळ लागला नाही. निहारच दुभाषा झाला. सूप म्हणजे काय, वास म्हणजे काय, अंडी म्हणजे काय, सगळं त्याने अंड्याचं लाल टरफल सोलत सोलत सांगितलं, आणि हसून हसून जमिनीवर बसला. लिम आंटी आधी खजील झाल्या आणि मग इतक्या हसल्या की त्यांना धरावं लागलं.

हसली नाही फक्त मेधा. ती लिम आंटींकडे बघत होती. “म्हणजे तुम्ही जे ‘बारीक’ म्हणालात,” ती हळूच म्हणाली, “ते बाळंतपणाच्या मानाने?”

आंटी टोपलीतली अंडी मोजायला लागल्या. मेधा आत गेली आणि दार लावलं.

चारुदत्त त्या दाराबाहेर उभा राहिला. आयुष्यात प्रथमच त्याला एकही नियम आठवेना. “मेधा, तू मला तरी... म्हणजे मी तरी... अगं, छानच दिसतेस!” आतून काहीतरी दारावर आपटलं. बहुतेक उशी. संजीवनीबाईंनी त्याला बाजूला केलं आणि तेलाची बाटली घेऊन त्या आत गेल्या.

“उगाच आलीस ना आई,” मेधा भिंतीकडे तोंड करून म्हणाली. “काही नाहीये बघ इथे.”

“तू आहेस की.”

“मी सहा वर्षं होतेच. तेव्हा नाही आलीस.”

संजीवनीबाई पलंगावर बसल्या. “तू बोलवायचीस ते फिरायला. हे बघायला ये, ते बघायला ये. मला काय बघायचंय आता? पण लेकीला गरज आहे म्हटल्यावर पाय थांबले नाहीत माझे.”

“गरज होतीच गं,” मेधा म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आलं.

“मग सरळ सांगायचं होतंस. पालथी हो. इतक्या लांबून आणलेलं तेल काय परत नेऊ?”

त्या दुपारी एका मोठ्या कंपनीची पंचेचाळीस वर्षांची डायरेक्टर आईकडून अंग रगडून घेऊन, कढत पाण्याने न्हाऊन, दोन डिंकाचे लाडू खाऊन, लहान मुलीसारखी झोपली. बाहेर लिम आंटी आणि संजीवनीबाई स्वयंपाकघरात शिरल्या होत्या. एकीला मराठी येई, एकीला चिनी, आणि दोघींना कळतील असे इंग्लिशचे पाचसहाच शब्द. तरी अळीव कशाला, लाल बोरं कशाला, आलं किती, गूळ किती, यावर तासभर चर्चा चालली. चारुदत्तच्या सुपाची चव दोघींनी घेतली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि न बोलता ते बेसिनमध्ये ओतलं.

चारुदत्त कोपऱ्यात बसून होता. कुणी त्याच्यावर ओरडत नव्हतं, आणि तेच त्याला जास्त लागत होतं. शेवटी संजीवनीबाईंनीच त्याच्यापुढे बशी सरकवली. “घ्या, लाडू घ्या. मन चांगलं होतं हो तुमचं.”

चारुदत्त गहिवरला. अर्धा लाडू एकदम तोंडात घातला. आतल्या खारकेत बीचा तुकडा राहिला होता.

कडाक्!

संध्याकाळी तो दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत आडवा होता. डॉक्टर तरुण चिनी मुलगी होती. तिने आत दिवा घालून पाहिलं. “अंकल, हा दात आजचा नाही. याचा कोपरा कधीचाच तुटलेला आहे, धारदार झालाय. गाल घासत असणार सारखा. फोड येत नव्हते तुम्हाला इथे?”

चारुदत्तने नुसतं ‘आँ आँ’ केलं. बोलणार कसा? तोंडात तिचे दोन हात होते.

तिने दात घासून गुळगुळीत केला, वरून भरला, आणि हातमोजे काढत म्हणाली, “दोन दिवस काळजी घ्या. खूप गरम खाऊ नका, खूप थंड खाऊ नका.”

चारुदत्त ताडकन उठून बसला. सुन्न झालेल्या अर्ध्या तोंडाने त्याने मोठ्या आशेने विचारलं, “म्हणजे डॉक्टर, गुणाने उष्ण की—”

“टेम्परेचर, अंकल,” डॉक्टर म्हणाली. “फक्त टेम्परेचर.”